सातवी पायरी

आमच्या वस्तीच्या विहिरीला एकवीस पायऱ्या होत्या आणि त्यातली सातवी तुटकी होती. पायऱ्या म्हणजे बांधकामातून पुढे काढलेले काळे दगड. एका हाताने भिंतीचा आधार घेत, बाजूने पाऊल टाकत उतरायचं. सातवा दगड अर्धा निखळलेला. वस्तीतल्या पोरासोरांच्याही पायांना ते पाठ होतं. सहावीवरून थेट आठवीवर पाय टाकायचा, हे कुणी शिकवावं लागत नसे.

तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. आमचं गाव नेवाशाच्या बाजूचं. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 सालापासूनचं, त्यामुळे गावोगाव ख्रिस्ती घरं आहेत. आमच्या वस्तीत अकरा होती. एक कौलारू शाळा होती. रविवारी तिथेच उपासना भरायची आणि नारायण वामन टिळकांची भजनं टाळ-मृदंगावर रंगायची. विहीर 1899-1900 च्या दुष्काळात खोदलेली. उपाशी माणसांच्या हाताला काम आणि पोटाला दाणा मिळावा म्हणून तेव्हा ते काम काढलं होतं, असं आजी सांगायची.

वस्तीला वेगळी विहीर लागली त्याला आणखी एक कारण होतं. धर्म बदलला तरी गावच्या पाणवठ्यावर आमची घागर चालत नव्हती. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं, तेव्हा आमचे आजोबा नुकतेच मास्तर झाले होते. ती बातमी त्यांनी वस्तीला मोठ्याने वाचून दाखवली होती म्हणे. तरी आमच्या गावच्या विहिरीवर त्यानंतरही कित्येक वर्षं तेच चाललं. गावचं पाणी गावाला, वस्तीचं पाणी वस्तीला.

मी सांगते आहे ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. मी नऊ वर्षांची होते. पाऊस आधीची दोन वर्षंही जेमतेमच झाला होता, त्या साली त्याने पाठच फिरवली. जनावरं कवडीमोलाने गेली. धडधाकट माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेली. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. आजी ती थापताना दोन्ही हातांनी सांभाळून तव्यावर टाकायची.

1973 उजाडलं आणि गावची विहीर पार आटली. आमच्या विहिरीत तळाशी एक झरा तेवढा जिवंत होता. रात्रभर तो पाझरायचा, पहाटे गुडघाभर पाणी साचायचं. ते वाटी-वाटीने हंड्यात भरायचं. बावीस हंडे निघत. अकरा घरं, घरटी दोन हंडे. हिशेब वस्तीतल्या तात्यांकडे होता. शाळेच्या भिंतीवर कोळशाने अकरा रेघा ओढून त्यांपुढे ते रोज खुणा करायचे. गावातल्या बाया दोन मैलांवरच्या नाल्यात झिरे उकरून पाणी आणायच्या. आमच्याकडे त्यांनी मागितलं नाही, आम्हीही दिलं नाही. इतक्या वर्षांची रीत दोन्हीकडच्या हाडीमाशी मुरली होती.

जानेवारीतल्या एका पहाटे एकवीसच हंडे निघाले.

"झरा कमी झाला का काय?" तात्या म्हणाले.

"आमच्या घरचा एक कमी धरा," आजी म्हणाली. "आम्ही दोघीच तर आहोत."

दुसऱ्या दिवशीही एकवीस. तिसऱ्या दिवशी तात्यांना काठावर सांडलेल्या पाण्याचा ओघळ दिसला. तो गावाच्या बाजूने गेला होता. तात्यांचा चेहरा आवळला.

"चोर आहे. रात्रीचा येतो. आपल्या लेकरांच्या तोंडचं पाणी नेतो."

त्याच पहाटे आजी पाण्याला उतरली, तेव्हा सातव्या पायरीपाशी थांबली. मी काठावरून बघत होते. तिने वाकून काहीतरी उचललं आणि पदराच्या टोकाला बांधलं. घरी आल्यावर गाठ सोडून मला दाखवलं. हिरव्या बांगडीचा तुकडा होता. नवाकोरा, रंगही न उडालेला.

"चोराची बांगडी!" मी म्हणाले.

आजी काही वेळ तो तुकडा तळहातावर घेऊन बसली. ती मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकलेली होती. बाईचं सगळं तिला खुणेने कळायचं. "सातवी पायरी तुटकी आहे हे जिला ठाऊक नाही, ती वस्तीतली नाही," ती म्हणाली. "आणि या दिवसांत नव्या हिरव्या बांगड्या कोण भरतं? गेल्या आठवड्यात वेशीजवळच्या वाड्यात ओटीभरण झालं. नवरा खडीच्या कामावर लांब. सासरा अंथरुणाला. सातव्या महिन्यात ती पोर दोन मैल घागर कशी आणणार?"

वेशीजवळचा वाडा म्हणताच मी गप्प झाले. त्या वाड्याच्या मालकाचं नाव वस्तीत कुणी घेत नसे. आमच्या आजोबांना, मास्तर असूनही, त्याच्या दारात चपला हातात घेऊन उभं राहावं लागलं होतं.

"तिथून ती पडली असती," आजी जणू स्वतःशीच म्हणाली. "दोन जिवांची पोर."

त्या संध्याकाळी तात्यांनी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि विहिरीच्या तोंडावर पसरल्या. बोटभर लांबीचे पांढरे काटे. "आता बघू कोण उतरतो," म्हणून हात झाडत ते घरी गेले.

सगळी वस्ती निजल्यावर आजीने आमच्या वाटणीचा एक हंडा उचलला. मला कंदील धरायला सांगितला. विहिरीच्या काठावर, काट्यांच्या अलीकडे, पायाला ठेच लागणार नाही असा तो हंडा ठेवला. कंदील काठावरच्या निंबाच्या खालच्या फांदीला अडकवला आणि वात बारीक केली.

"चोराला पकडायचंय का आजी?"

"पकडायला नाही गं. ती पडू नये म्हणून."

"मग तिच्या घरीच नेऊन दे ना. लांब का ठेवतेस?"

आजी परतताना थांबली. "घरी नेलं तर सासरा बघेल. तो घेऊ देणार नाही आणि सुनेला बोलणी बसतील. शेजाऱ्याला पाणी देताना त्याची मान खाली घालायला लावली, तर घागर भरते, पण माणूस तहानलेलाच राहतो. तिला कुणी पाहिलं नाही असं तिला वाटू दे."

सकाळी हंडा धुऊन पालथा घातलेला होता. विहिरीतून बावीस हंडे निघाले. तात्या खूश झाले. काट्यांनी काम केलं असं ते सगळ्यांना सांगत सुटले. कंदील मात्र त्यांनी पाहिला.

"वहिनी, हा दिवा कशाला?"

"अंधारात काट्यात कुणाचा पाय पडू नये म्हणून," आजी म्हणाली. ते खरंच होतं.

त्यानंतर रोज रात्री तसंच. आम्ही एका हंड्यात भागवायचो. आजी ज्या पाण्याने तांदूळ धुवायची, त्याच पाण्याने भांडी विसळायची आणि तेच तुळशीच्या पलीकडे लावलेल्या पपईला घालायची. रॉकेलही रेशनचं, मोजून मिळणारं. घरातला कंदील विहिरीवर गेल्यामुळे आम्ही दिवेलागणीच्या आत जेवून घ्यायचो आणि मग अंधारात पडून आजी गोष्टी सांगायची. शोमरोनी माणसाची गोष्ट मी तेव्हाच ऐकली. रस्त्यात जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा, त्याच्या जखमांवर तेल ओतणारा, त्याला उतारशाळेत नेऊन खर्चाचे पैसे भरणारा तो माणूस. येशूला कुणीतरी विचारलं होतं, माझा शेजारी कोण? त्यावर त्याने ही गोष्ट सांगितली.

"त्या जखमी माणसाने नंतर काय केलं?" मी विचारलं.

"ते शुभवर्तमानात नाही," आजी म्हणाली. "त्याने काय केलं यावर काही अवलंबून नव्हतं, म्हणून नसेल."

दहाएक रात्री गेल्या असतील. एका सकाळी आजीने कंदील खाली उतरवला आणि हलवून पाहिला. पुन्हा हलवला. संध्याकाळी त्यात तळाला तेल होतं. आता तो अर्ध्याच्या वर भरलेला होता. काजळी धरलेली काच राखेने घासून लख्ख केली होती.

आजीने काचेवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "तिला ठाऊक आहे गं."

इकडे तात्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. रोज सकाळी काठावर पालथा हंडा, तोही आमच्या घरचा. एका रात्री ते काठी घेऊन विहिरीमागच्या लाकडांच्या ढिगाआड बसले. त्या रात्री काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी, स्वतः म्हातारे झाल्यावर सांगितलं.

मध्यरात्र उलटल्यावर ती आली. पोट सांभाळत, दर चार पावलांना थांबत. हंड्यातलं पाणी तिने आपल्या कळशीत ओतून घेतलं, एक थेंब सांडू दिला नाही. मग धाप लागली म्हणून काठावर टेकली. कमरेच्या पिशवीतून औषधाची छोटी बाटली काढून कंदिलात रॉकेल ओतलं. काच पुसली. कळशी उचलण्याआधी आमच्या अंधाऱ्या दाराकडे तोंड करून तिने हात जोडले आणि मान लववली.

तात्यांनी तिला ओळखलं. दहा-अकरा वर्षांचे असताना ते गावच्या विहिरीपासून लांब उभे राहून कुणीतरी पाणी ओतेल म्हणून वाट बघत होते. तेव्हा याच वाड्याच्या मालकाने त्यांची मातीची घागर लाथेने फोडली होती. आईने त्या खापऱ्या गोळा करून घरी आणल्या होत्या.

"त्या घराची मान खाली गेलेली बघायची म्हणून मी तीस वर्षं थांबलो होतो, पोरी," तात्या म्हणाले. "गेली तेव्हा मलाच बघवेना. काठी कधी हातातून सुटली ते कळलं नाही."

दुसऱ्या पहाटे तात्यांनी विहिरीवरचे काटे स्वतः काढले आणि चुलीत घातले. पाणी वाटताना शाळेच्या भिंतीवर आपल्या घरापुढे त्यांनी दोनच्या जागी एकच खूण केली. कुणी काही विचारलं नाही. त्या रात्री निंबाखाली दोन हंडे होते.

आमच्याकडे पास्तर महिन्यातून एकदा सायकलीवर यायचे. चार-पाच गावांच्या मंडळ्या त्यांच्याकडे होत्या. उपासनेत ते विचारायचे, कुणाला साक्ष द्यायची आहे का? देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, ही साक्ष. काही बाया छान साक्ष द्यायच्या. आजी कधीच उठायची नाही. मला त्याची लाज वाटायची. मास्तरांची बायको, आणि तिला साक्ष देता येत नाही!

त्या महिन्यात पास्तरांनी वाचलं ते दिव्याबद्दल होतं. दिवा लावून मापाखाली झाकत नाहीत, दिवठणीवर ठेवतात. मग त्यांनी साक्षीचं विचारलं. आजीने नेहमीसारखी नजर पायाकडे नेली. तात्या उठले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, कंदिलाचं नाही, वाड्याचं नाही. एवढंच म्हणाले, "रात्री निंबाखाली दोन हंडे असतात. गावात तहानलेली घरं जास्त आहेत. प्रत्येकाने आपल्या हंड्यातला एकेक तांब्या काढला, तर आणखी दोन-तीन हंडे होतील. ठेवायचे असतील त्यांनी ठेवावेत. कोण नेतं ते बघायला कुणी जायचं नाही."

शाळेत बराच वेळ कुणी बोललं नाही. ज्यांच्या आज्यांनी गावच्या विहिरीवर हात पसरले होते, अशी ती माणसं. काहींच्या डोळ्यांत राग होता आणि तो रास्त होता. एका म्हाताऱ्या बाईने हळूच विचारलं, "त्यांनी आम्हाला कधी ठेवलं होतं का?"

आजी तेव्हा पहिल्यांदा उठली. "नव्हतं ठेवलं," ती म्हणाली. "म्हणून तर तहान काय असते ते आपल्याला ठाऊक आहे." आणि ती खाली बसली.

त्या रात्री निंबाखाली पाच हंडे होते. पुढे पुढे गावातून आणखी तीन-चार सावल्या येऊ लागल्या. वस्तीला सगळं माहीत होतं, गावालाही असावं. कुणी वाच्यता केली नाही. फाल्गुनात वाड्यातली सून बाळंत झाली, मुलगा झाला, हे आम्हाला वाऱ्यावर कळलं. आजीने त्या रात्री आमचा दुसरा हंडाही ठेवला. बाळंतिणीच्या घरी पाणी जास्त लागतं, म्हणाली. ते न्यायला तिचा नवरा आला असावा, कारण सकाळी हंडे पालथे घातले होते खरे, पण पुरुषाच्या हातांनी, वेडेवाकडे.

त्या वर्षी मृगाने शब्द पाळला. झिम्माड पाऊस झाला. गावची विहीर भरली, आमची भरली, नाला दुथडी वाहिला. आजीने कंदील घरात आणला आणि मी पुन्हा उजेडात पाटी लिहू लागले. मला वाटलं, गोष्ट संपली.

आषाढात एका सकाळी गावाच्या बाजूने बैलगाडी आली. हाकायला वाड्यातला मुलगा, मागे कडेवर तान्हं घेतलेली सून, आणि गाडीत वाड्याचे म्हातारे मालक, एका मोठ्या घडीव दगडाला टेकून बसलेले. वाड्याच्या जुन्या चिरेबंदी भिंतीतला चिरा तो. चारी अंगांनी तासलेला. वस्तीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. म्हातारा मुलाच्या आधाराने खाली उतरला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

"सून सांगत होती," तो म्हणाला, "तुमच्या विहिरीची सातवी पायरी तुटलीय. ती तिथून घसरली होती. बसवून घ्या. आणखी कुणी पडायला नको."

तेवढं बोलून त्याला धाप लागली. तो निंबाखालच्या काठावर बसला, जिथे रात्री हंडे असायचे तिथेच. थोड्या वेळाने त्याने मान वर केली.

"बाई, थोडं पाणी द्या."

आजी घरात वळली. त्याआधीच तात्यांनी विहिरीतून पोहरा काढला होता. आपला तांब्या भरून ते म्हाताऱ्यापुढे उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या फुटलेल्या घागरीची आठवण म्हाताऱ्याला होती की नाही, देव जाणे. त्याने दोन्ही हातांनी तांब्या घेतला, ओठांना लावला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. प्याल्यावर त्याने तांब्या तात्यांच्या पायाशी ठेवला नाही, हातात दिला. सून तोंडाला पदर लावून रडत होती.

पुढच्या महिन्यात पास्तर आले, तोवर पायरी बसली होती. त्यांनी ती विहिरीत उतरून पाहिली. मग उपासनेत यहोशवाची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्या यहोशवाने शखेमात एल्याच्या झाडाखाली मोठा दगड उभा केला होता आणि लोकांना सांगितलं होतं की आता हा दगडच आपला साक्षी. एवढं सांगून त्यांनी पोथी मिटली. "आज साक्ष विचारत नाही," म्हणाले. "आपल्या विहिरीत आहे ती."

मी आजीकडे पाहिलं. ती नेहमीसारखी पायाकडे बघत होती. पण मला आता तिची लाज वाटत नव्हती.

आज आमच्या गावात नळ आहेत. विहिरीवर लोखंडी जाळी टाकली आहे. जाळीतून वाकून पाहिलं तर वरून सातवा दगड वेगळा दिसतो. बाकीच्या ओबडधोबड दगडांत तो एकटा गुळगुळीत, चौकोनी, वाड्याचा. आम्ही नातवंडांना तो दाखवतो. त्यातलं एक नातवंड वाड्यात तेव्हा जन्मलेल्या मुलाच्या मुलाबरोबर एकाच शाळेत जातं.

ख्रिस्ती माणसाने आपला प्रकाश लोकांपुढे पडू द्यावा, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू देऊ नये, असंही शिकवतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मला मोठेपणी बराच काळ छळत होता. मग मला निंबाच्या फांदीवरचा, वात बारीक केलेला तो कंदील आठवला. त्याच्या उजेडात आजीचा चेहरा कुणालाच दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त हंडा, काठ आणि पाय ठेवायची जागा.

आपल्या श्रद्धेचा दिवा लावावा तो असा. आपण कोण आहोत हे शेजाऱ्याला दिसावं म्हणून धडपडू नये. त्याला त्याची पायरी दिसली, की आपण कुणाचे आहोत ते त्याचं त्याला उमगतं.